हाइव्ह की मीडियम?
फोंड्याची माझी भाची माशेलच्या चिखलकाल्यावर, म्हणजे गोव्यातल्या चिखलात खेळायच्या उत्सवावर, सुरेख लिहिते. लेख कुठे टाकू, हाइव्हवर की मीडियमवर, हा तिचा प्रश्न. दोन्ही इंटरनेटवर लेख टाकून पैसे कमावायच्या जागा.

लेखाला वाचक देतात त्या मतांचं आधी बघू, कारण दर्जाचं घोडं तिथेच अडतं. हाइव्हवर मताचं वजन मत देणाऱ्याने गुंतवलेल्या हाइव्ह पॉवरवर (खात्यात अडकवून ठेवलेल्या हाइव्हच्या चलनावर) ठरतं. एका बड्या खात्याचं मत शेकडो साध्या वाचकांना भारी पडू शकतं, आणि लेख न वाचताही ते देता येतं. या मतांवरून 7 दिवसांनी लेखाचा मोबदला मिळतो, त्यातला निम्मा मत देणाऱ्यांचा. मग ओळखीपाळखीची मतं वाढतात, हे मला फार खुपतं. मीडियमवर एक वाचक एका लेखाला 50 टाळ्या (पसंतीच्या खुणा) देऊ शकतो, पण कमाईत पैसे भरणाऱ्या सभासदांच्या वाचनवेळेला मोठं महत्त्व. लेख वाचला जावाच लागतो.

पैशांचं म्हणाल तर हाइव्हचा मोबदला क्रिप्टोत: भाव वरखाली, भारतात नफ्यावर 30 टक्के कर, आणि हाइव्ह पॉवर पूर्ण मोकळी करायला 13 आठवडे.

रोज थोडं लिहून, इतरांचं वाचून गोतावळा जमवायचा असेल तर हाइव्ह. महिन्याकाठी एकच, नीट शोधून लिहिलेला लेख असेल तर मीडियम. भाचीला मी मीडियमच सुचवलं.