वायफायची रेंज आतल्या खोलीत जात नाही: एक्स्टेंडर घ्यावा, मेश घ्यावा की वायर ओढावी?

सगळ्यात आधी फुकटातला उपाय करून बघा, राउटर हलवा. फायबर लावायला आलेला मुलगा दाराशी जिथून वायर आत येते तिथेच डबा ठोकून जातो आणि मग तो टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटात ढकलला जातो. केबलवाल्याला सांगून तो घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी आणला तर वन बीएचकेत बऱ्याचदा काहीच विकत घ्यावं लागत नाही. आतल्या खोलीत फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर टाकून बघा, ५ गिगाहर्ट्झला स्पीड जास्त पण भिंत लागली की ते लवकर ढेपाळतं.

तरी नाहीच भागलं तर एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, साधारण दीड-दोन हजारात येतो. लोक तो जिथे रेंजच नाही त्या खोलीत लावतात, तिथे तो बिचारा काय पकडणार? अर्ध्या वाटेवर, रेंज बरी असेल तिथे लावायचा. सिंगल बँडवाला, म्हणजे फक्त २.४ वर चालणारा, तर घेऊच नका, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं म्हणजे स्पीड जवळपास निम्मा, फोनवर कांड्या फुल दिसतात कारण त्या एक्स्टेंडरच्या असतात, आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. एका खोलीत व्हॉट्सॲप, यूट्यूब एवढंच असेल तर चालेल, रोजच्या ऑफिस कॉलला मी तरी सुचवणार नाही.

मेशमध्ये दोन-तीन डबे, सगळ्या घरात एकच नाव, फिरताना फोन आपोआप जवळचा डबा पकडतो. दोन डब्यांचा सेट पाच हजारांच्या आसपास किंवा वर. पण वायर न जोडता लावला तर डबे आपापसातही हवेतूनच बोलतात, म्हणजे वाड्याची दगडी भिंत, कोकणातला चिरा, बंगल्याचा स्लॅब यांच्याशी झगडा आहेच. दोन मजले असतील तर वरचा डबा जिन्याजवळ ठेवा, स्लॅबपेक्षा तिथून सिग्नल बरा जातो.

स्वतःचं घर असेल तर माझं मत सरळ आहे, वायर ओढा. प्युअर कॉपरची कॅट सिक्स, म्हणजे नेटची लॅन वायर, १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते, तांब्याचा नुसता मुलामा दिलेली स्वस्त वायर नको. टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वायरने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवतो, नाव-पासवर्ड तोच ठेवा, झालं. फक्त त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे नाहीत ना हे बघा, नाहीतर ३०० चा प्लॅन तिथेच अडकतो. लाइटच्या वायरच्या पाइपमधून लॅन नेऊ नका, इलेक्ट्रिशियन चालतं म्हणाला तरी नको. रंगकाम किंवा फर्निचर निघणार असेल तर तेव्हाच प्रत्येक खोलीत वेगळा पाइप टाकून घ्या.

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, तिथे मेशच बरा, घर सोडताना सोबत नेता येतो, पण लॅन पोर्ट असलेलाच घ्या म्हणजे पुढे स्वतःच्या घरात वायरवर जोडता येईल. आणि लाइट जाणारा भाग असेल तर प्रत्येक डब्याला इन्व्हर्टरचा पॉइंट लागतो, नुसता मेन राउटर चालू राहून आतल्या खोलीत नेट येणार नाही.