पाठीवरचे पातेले की गाडीतली कढई : कॅम्पिंगच्या भांड्यांचा तुलनात्मक आढावा

कॅम्पिंगसाठी भांडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा धातूपासून सुरुवात करतो : टायटॅनियम घ्यावे की ॲल्युमिनियम, स्टील बरे की बीड. माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. भांडे पाठीवरून जाणार की गाडीतून, हा पहिला. आणि त्यात खरोखर स्वयंपाक होणार की नुसते पाणी उकळायचे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे दिली तर धातूची निवड बरीचशी आपोआप होते. दिली नाहीत तर महागड्या भांड्यातही भात करपतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझे पहिले पातेले टायटॅनियमचे होते : ७५० मिलिलिटरचे, झाकणासह सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, हातात घेतले तर रिकाम्या डब्याइतके हलके. पहिल्याच मुक्कामी त्यात भात लावला. दहा मिनिटांत करपल्याचा वास आला, आणि झाकण काढून ढवळले तेव्हा तळाशी बर्नरच्या तोंडाएवढे काळेकुट्ट वर्तुळ चिकटलेले होते, तर कडेचे तांदूळ दाताखाली कचकचत होते. दोष भांड्याचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २३७ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, टायटॅनियमची जेमतेम २२. त्यातच टायटॅनियमचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ ठेवतात, त्यामुळे ज्योतीची आच बाजूला पसरतच नाही. जिथे ज्योत लागते तिथेच सगळी उष्णता साचते. पाणी उकळताना ही अडचण येत नाही, कारण तापलेले पाणी स्वतःच वर-खाली फिरून उष्णता वाटून घेते. भात, लापशी किंवा घट्ट सूप असे फिरत नाही.

म्हणून टायटॅनियम घ्यावे ते ज्याला सकाळी चहा-कॉफीचे आणि संध्याकाळी सुक्या जेवणाच्या पाकिटात ओतायचे पाणी हवे आहे, आणि जो दिवसचे दिवस पाठीवर ओझे घेऊन चालतो, त्याने. हलकेपणाविषयीचा एक गैरसमजही दूर करायला हवा. टायटॅनियम हा ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू नाही. त्याची घनता घनसेंटिमीटरला ४.५ ग्रॅम आहे आणि ॲल्युमिनियमची २.७. तो बळकट असल्यामुळे त्याचा पत्रा पातळ ठेवता येतो, एवढेच त्याच्या हलकेपणाचे रहस्य. एक लिटरच्या दोन चांगल्या भांड्यांत वजनाचा फरक कित्येकदा पन्नास-साठ ग्रॅमांचाच निघतो, किमतीतला फरक मात्र चांगलाच मोठा असतो. टायटॅनियमचा दुहेरी भिंतीचा पेला आचेवर कधीही ठेवू नये, कारण दोन भिंतींमध्ये कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेला फुटू शकतो.

ज्यांना खरोखर रांधायचे आहे आणि भांडी पाठीवरूनच न्यायची आहेत, त्यांच्यासाठी हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम ही मला सर्वांत समंजस निवड वाटते. साध्या ॲल्युमिनियममध्ये टोमॅटो-लिंबासारखे आंबट शिजवले की धातूची चव उतरते. ॲनोडायझिंगमुळे पृष्ठभागावर तयार होणारा ऑक्साइडचा कडक थर ती क्रिया रोखतो आणि ओरखडेही कमी पडतात. आच तळभर सारखी पसरते, त्यामुळे मंद ज्योतीवर भात निवांत शिजतो. आपटले तर पोचा येतो हे खरे, पण तो आतून अंगठ्याने दाबून बऱ्यापैकी सरळ करता येतो. लाकडाच्या जाळावर मात्र जपावे लागते : ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि फुललेल्या निखाऱ्यांचे तापमान त्याहून सहज वर जाते. पातेल्यात पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या आसपास राहतो, म्हणून काळजी नसते. रिकामे पातेले निखाऱ्यांवर विसरले तर ते वाकडे होते, आणि भोकही पडू शकते.

नॉनस्टिकचा मोह समजण्यासारखा आहे, कारण जिथे धुवायला पाणी कमी असते तिथे अंड्याचा तवा एका कागदाने पुसून निघणे ही मोठीच सोय असते. पण हा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणखी तापला तर त्यातून घातक वाफा निघतात. कॅम्पिंगच्या लहान बर्नरची आच एकाच ठिकाणी एकवटलेली असल्याने रिकामा तवा त्या तापमानाला फार लवकर पोचतो. चुलीवर तर तो ठेवूच नये. शिवाय सॅकमध्ये त्याच्या पोटात बर्नर आणि चमचे कोंबले की दोन-तीन सहलींत लेपावर रेघा उमटतात. मध्ये जाडसर फडके घालायची शिस्त असेल तरच हा प्रकार घ्यावा.

स्टेनलेस स्टीलकडे हल्ली थोडे तुच्छतेने पाहिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. त्याची वाहकता टायटॅनियमहूनही कमी आहे आणि घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट, तेव्हा एकेरी पातळ पत्र्याचे स्टीलचे पातेले पाठीवर नेऊ नये हे उघडच आहे. पण तळाला ॲल्युमिनियमचा जाड थर बसवलेले स्टील ही वेगळीच गोष्ट आहे : त्यात आच पसरते, आंबट चालते, लोखंडी चमचा चालतो, आणि घासायला राख किंवा वाळू असली तरी भागते. मुलांचा मोठा गट, लाकडाची चूल आणि धसमुसळे हात असतील, तर मी हेच सुचवेन.

गाडी तंबूपर्यंत जात असेल तर वजनाचा प्रश्न मिटतो आणि बिडाला किंवा कार्बन स्टीलला पर्याय उरत नाही. २६ सेंटिमीटरचा बिडाचा तवा अडीच किलोच्या आसपास भरतो, त्याच मापाचा कार्बन स्टीलचा दीड किलोच्या. बिडाचे जाड अंग तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की त्यावर मासा किंवा मांसाचा तुकडा टाकला तरी तव्याचा ताव उतरत नाही. हलक्या तव्यावर तोच तुकडा पाणी सोडून शिजतो आणि त्याला रंग येत नाही. उंच काठाच्या झाकणाचे, तीन पायांचे बिडाचे पातेले, ज्याला डच अव्हन म्हणतात, निखाऱ्यांत ठेवून झाकणावरही निखारे रचले की त्यात पाव भाजता येतो; हे काम दुसरे कोणतेही भांडे इतके चांगले करत नाही. दोन्ही धातूंना तेल मुरवावे लागते आणि धुतल्यावर आचेवर धरून कोरडे करावे लागते, नाहीतर एका दमट रात्रीत गंज धरतो. बीड ठिसूळही असते. एका सोबत्याने तापलेल्या बिडाच्या कढईत ओढ्याचे गार पाणी ओतले, तेव्हा टण्णकन आवाज झाला आणि काठापासून तळापर्यंत केसासारखी रेघ उमटली. त्या रेघेतून पाणी झिरपताना आम्ही सगळे मुकाट्याने पाहत राहिलो. कार्बन स्टील अशा धक्क्याने वाकेल, पण तडकणार नाही. दोन्हींत एकच घ्यायचे तर मी कार्बन स्टील घेईन.

धातूइतकेच महत्त्व आकाराला आहे, पण खरेदी करताना त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोजूल लागतात, म्हणजे हिशेबाने गॅस सात-साडेसात ग्रॅम. प्रत्यक्षात वाऱ्यात आणि उघड्यावर तो बारा-पंधरा ग्रॅमांवर जातो. पसरट, बुटके भांडे ज्योतीला जास्त तळ देते. उंच, अरुंद भांड्यात ज्योत कडेने वर निसटते. सॅकमध्ये मात्र उंच भांडेच नीट बसते, तेव्हा इथे तडजोड अटळ आहे. घट्ट बसणारे झाकण कोणत्याही परिस्थितीत हवेच. तळाला उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या बसवलेली पातेली गॅस स्पष्टपणे वाचवतात, पण ती जड असतात, आणि लाकडाच्या काजळीने त्या पट्ट्या बुजतात. बर्फ वितळवून पाणी करायचे असेल तर ती घ्यावीतच, कारण शून्य अंशाचे एक किलो बर्फ नुसते वितळवायलाच वरच्या हिशेबाइतकी, म्हणजे सुमारे ३३४ किलोजूल ऊर्जा जाते आणि उकळी अजून लांबच असते. तीन हजार मीटर उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे भाताला व डाळीला फार वेळ लागतो. तिथे पाच-सहा जणांचा गट असेल तर ॲल्युमिनियमच्या लहान प्रेशर कुकरचे ओझे वाहण्यात शहाणपण आहे.

मापाविषयी थोडक्यात : एकट्याला पाऊण ते एक लिटर, दोघांना दीड, चौघांना अडीच ते तीन लिटर पुरते, आणि यात उतू जाण्यासाठी सोडलेला वरचा तिसरा हिस्सा धरलेला आहे. गॅसचा लहान डबा सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचा, मधला ११ सेंटिमीटरचा असतो. तो पातेल्याच्या पोटात मावला तर सॅकमधली बरीच जागा वाचते. डब्याच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरवर वीस सेंटिमीटरचे भरलेले पातेले मात्र डुगडुगते. मोठ्या भांड्याला पसरट पायांची, नळीने जोडलेली शेगडीच हवी.

मूठ ही शेवटची, पण माझ्या दृष्टीने निर्णायक बाब. घडीच्या मुठीवरचे सिलिकॉन गॅसवर ठीक असते, चुलीच्या जाळात ते जळते. तिथे कडीचे पातेले किंवा सुटी सांडशी बरी. सांडशी एकच असेल तर तिला भडक रंगाची दोरी बांधावी, कारण अंधारात ती गवतात पडली की आख्ख्या स्वयंपाकाचा खोळंबा होतो. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून द्रव साबणाचा पातळ हात फिरवला, तर काजळी नंतर पाण्यानेच निघते.

नवे भांडे आणल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, ते घरीच दोन तृतीयांश पाण्याने भरावे, एका हाताने मुठीला धरून उचलावे आणि झाकण न काढता पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून पाहावे. मूठ वळली, झाकण घसरले किंवा धार मनगटावर आली, तर ते भांडे परत करावे. मी आजवर परत केलेली दोन्ही पातेली याच परीक्षेत नापास झाली होती, आणि दोन्ही दिसायला फार सुरेख होती.