टँकमध्ये मोठे दगड: काळा पाषाण, कडप्पा, जांभा की गोटे, आणि ते ठेवायचे कशावर?

चार फुटी टँक घरी आला आहे, त्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, खडकांत राहणारे सिक्लिड मासे, म्हणजे म्बुना, ठेवायचे आहेत आणि आता दगड आणायचे आहेत. या टप्प्यावर बहुतेक जण दगडाचा रंग नि आकार बघत बसतात. मी म्हणेन, आधी दोन गोष्टी बघा. दगडाचा भार काचेवर नेमका कुठे उतरणार? आणि माशांना त्याच्या खालची वाळू उकरता येणार का? रंगाचं त्यानंतर बघू.

हे मला एक टँक गेल्यावर कळलं. दुकानात सांगितलं तसं मी आधी दोन इंच वाळू पसरली आणि तिच्यावर सात-आठ किलोचा काळा दगड बसवला. दिसायला पक्का होता. पंधरा दिवसांत म्बुनांनी त्याच्या एका कडेची वाळू तोंडाने उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मग एका रात्री दगड कलंडला आणि त्याचं टोक तळाच्या काचेवर आदळलं. सकाळी हॉलभर पाणी होतं. सगळे मासे वाचले नाहीत, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. दोष त्यांचा नव्हताच. हे मासे खडकांच्या कपारीत राहणारे, खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. आपली जागा करायची म्हणजे वाळू उपसायची, हा त्यांचा स्वभाव.

आधी वाळू की आधी दगड?

वाळूवर दगड ठेवला की तो छान रुतून बसतो, हवा तसा फिरवता येतो, गादीसारखा आधार मिळतो. हे सगळं खरं आहे, पण वाळू जागेवर आहे तोवरच. टेट्रा, गप्पी, रासबोरा असे न उकरणारे मासे असतील आणि दगड एकेकटा, बुटका असेल तर ही पद्धत चालते. सिक्लिड असतील तर मात्र दगड आधी, थेट तळावर, आणि वाळू नंतर त्याच्या भोवती. मग माशांनी कितीही उकरलं तरी दगड हलत नाही. या बाबतीत मी दुसरा पर्याय देणार नाही.

तळावर काय अंथरायचं?

टँकखाली स्टँड सपाट असेल आणि त्यावर थर्माकोल घातला असेल, तर पसरलेल्या भाराने तळाची काच सहसा फुटत नाही. ती फुटते टोकाने आणि आदळण्याने. म्हणून नुसत्या काचेवर दगड नको. अगदी सपाट फरशीसुद्धा नको, कारण तिच्याखाली वाळूचा एक जाड कण अडकला तरी सगळा भार त्या कणावर येतो.

एग क्रेट, म्हणजे दिव्यांखाली लावतात ती प्लास्टिकची चौकोनी जाळी, बरेच जण वापरतात. ती भार पसरवते, दगड घसरू देत नाही. पण अणकुचीदार टोक एखाद्या घरात शिरून काचेला टेकू शकतं, आणि मासे उकरायला लागले की पांढरी जाळी उघडी पडते. तिच्या घरांत घाणही साचते. पीव्हीसीचा पाच मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पत्रा, मला जास्त पटतो. टोक त्यात किंचित दबतं आणि काचेपर्यंत पोचत नाही. कागद लावलेला सनबोर्ड घेऊ नका, पूर्ण पीव्हीसीचा घ्या. तो पाण्यात वर येऊ बघतो, म्हणून कडांना सिलिकॉनचे ठिपके द्या. टँकच्या आत थर्माकोल घालू नका. त्याचे दाणे सुटतात आणि मासे ते चावतात.

कोणता दगड?

इथे घाई करू नका, कारण पाणी कसं राहील तेही इथेच ठरतं.

काळा पाषाण, म्हणजे आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट, खाणीवर फोडीव मिळतो. कठीण, जड, आणि फुटलेल्या बाजू खरखरीत असल्याने एकावर एक धरून बसतात. रचायला यासारखा दगड नाही. फक्त त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघा. जुन्या लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये गारगोटी, झिओलाइट किंवा कॅल्साइट भरलेलं असतं. अ‍ॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर ते कॅल्साइट, आणि ते हळूहळू पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, करतं. लिंबाच्या रसाने फेस इतका मंद येतो की नजरेतून सुटतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरणार असाल तर हातमोजे घालून, उघड्यावर, आणि नंतर दगड भरपूर धुवा.

कडप्पा काळा असल्यामुळे लोक त्याला बेसॉल्टचा भाऊ समजतात. तो चुनखडीचा दगड आहे, शहाबादी फरशीही तशीच. म्बुनांना हे सोयीचंच, कारण मलावीचं पाणी अल्कधर्मी, साधारण ८ पीएचच्या आसपासचं. टेट्रा किंवा मऊ पाण्यातल्या वनस्पतींना मात्र कडप्पा नको. फरशीवाल्याकडे तुकडे स्वस्तात मिळतात, आणि दोन काळ्या दगडांवर सपाट तुकडा टाकला की गुहेला छत होतं. पॉलिश केलेला घेऊ नका, कडा कानशीने मारून घ्या.

जांभ्यावर माझं प्रेम आहे, कोकणातल्या घराची भिंत आठवते. पण रचाईला तो कच्चा पडतो. चिऱ्याच्या कडा हाताने खरवडल्या तरी झडतात, तांबडी माती सुटते, आणि सिलिकॉन धरतं ते दगडाला नव्हे, वरच्या भुग्याला. वनस्पतींच्या टँकमध्ये मात्र जांभ्याचा एकच मोठा तुकडा, चांगला घासून, भार न देता ठेवा. भोकांमध्ये जावा मॉस सुंदर बसतं.

नदीतले गोटे एकावर एक कधीच रचू नका. गोलाला गोल टेकला की टेकण्याची जागा एका बिंदूएवढी राहते. गोल्डफिश किंवा खडकाला चिकटणाऱ्या मळ्यासारख्या माशांसाठी एकेकटे, अर्धे वाळूत पुरलेले गोटे उत्तम. अभयारण्यातून उचलून आणू नका.

कोणताही दगड उकळू नका. आत ओल अडकली असेल तर तो फुटून तुकडे उडतात. ब्रशने घासा, वरून गरम पाणी ओता, साबण लावू नका.

चिकटवायचे की नुसते रचायचे?

चिकटवलेला डोंगर मनाला निर्धास्त करतो. पण म्बुनांमध्ये एखादा नर इतरांना जगू देत नाही, आणि त्याला काढायचं तर दगड उचलावेच लागतात. वीस किलोचा एकसंध गठ्ठा भरलेल्या टँकमधून उचलून बघा म्हणजे कळेल. म्हणून खालचे मोठे दगड न चिकटवताच रचा, आणि वरची छतं किंवा डगमगणारे छोटे तुकडे तेवढे दोन-दोन, तीन-तीन जोडून घ्या. सिलिकॉन साधं घ्या, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. दगड पूर्ण वाळलेला हवा. आंबट वास जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, पाण्यात टाकू नका. सिमेंट वापरलं तर ते पाण्याचा पीएच बराच वर नेतं, त्यामुळे ते आठवडेच्या आठवडे भिजवून पाणी बदलत राहावं लागतं.

वजनाचं थोडक्यात: ४ × १.५ × १.५ फुटी टँकमध्ये साधारण २५५ लिटर पाणी मावतं. काळा पाषाण पाण्याच्या सुमारे २.९ पट जड, म्हणून ६० किलो दगड २०-२१ लिटर पाणी बाहेर ढकलतो आणि भरलेल्या टँकचं वजन सुमारे ४० किलोने वाढतं. घराच्या स्लॅबचा हिशेब दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपासचा असतो आणि हा टँक अर्ध्याच चौरस मीटरवर उभा. तेव्हा तो खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत, तुळईजवळ हवा. इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

रचताना प्रत्येक दगड खालच्या दगडाला तीन जागी टेकू द्या. मागच्या काचेला टेकवून उभा करू नका, चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडा. सगळं रचून झालं की पाणी भरण्याआधी वरच्या दगडावर तळवा ठेवून जोर लावून हलवा. टकटक ऐकू आली तर उतरवा आणि पुन्हा रचा. माझी रचाई तिसऱ्या वेळी बसली, तेव्हाच मी पाण्याची नळी लावली.