पेंडिंग लिहावं की लँग्विशिंग? घसरण सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची निवड

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अर्ज सुचतो मराठीत आणि कागदावर उतरतो इंग्रजीत. रखडणं, खितपत पडणं, ओसरणं, रोडावणं, खंगणं, कोमेजणं हे शब्द बोलताना आपण बिनचूक वापरतो. इंग्रजी लिहायला बसलं की या सगळ्यांच्या जागी एकटा ‘डिक्लाइन’ येऊन बसतो. पुढची तुलना अर्ज, पत्रक, बातमी किंवा भाषांतर लिहिणाऱ्यांसाठी आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘फाइल रखडली’ इथं. पेंडिंग म्हणजे निर्णय व्हायचाय, एवढंच. त्यात कुणावर ठपका नाही. लँग्विश म्हणजे कुणी लक्ष न दिल्यानं पडून राहणं आणि त्यात हाल होणं. मराठीतलं ‘खितपत पडणं’ याच्या सर्वांत जवळचं. कच्चे कैदी इंग्रजी वर्तमानपत्रांत कायम ‘लँग्विश इन जेल’ असतात ते म्हणूनच. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याबद्दल बातमीदारानं पेंडिंग लिहावं. अग्रलेखात लँग्विशिंग चालेल, कारण तिथं मत अपेक्षितच असतं. बातमीत तोच शब्द आला की बाजू घेतल्यासारखं होतं.

आता अर्जातलं हे नेहमीचं वाक्य बघा: ‘आवर फाइल इज लँग्विश्ड इन युवर ऑफिस फ्रॉम टू इयर्स.’ लँग्विशला कर्म नसतं, त्यामुळे ‘इज लँग्विश्ड’ होतच नाही. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवातीची तारीख द्यायची तर ‘सिन्स’. ‘फ्रॉम’ हे आपल्या ‘दोन वर्षांपासून’ची सावली. म्हणजे व्याकरणानं शुद्ध वाक्य झालं ‘आवर फाइल हॅज बीन लँग्विशिंग इन युवर ऑफिस फॉर टू इयर्स’. तरीही ते पाठवू नये. ज्या टेबलावर फाइल आहे त्याच टेबलाला ‘तुम्ही हयगय केली’ असं तोंडावर सांगून काम पुढं सरकत नाही. तिथं ‘हॅज बीन पेंडिंग सिन्स’ लिहून तारीख द्यावी. सेवा कर्नाटकाच्या सकाल कायद्याखाली (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याचा कायदा) येत असेल तर पावतीचा क्रमांक आणि ठरलेली मुदतही लिहावी. मुदत उलटली हे आकड्यांनी दिसतं, विशेषणाची गरज उरत नाही. लँग्विशिंग राखून ठेवावं संपादकांना लिहायच्या पत्रासाठी.

याच घरातले आणखी दोन प्रयोग. ‘गॅदर डस्ट’ हे आपल्या ‘धूळ खात पडणं’शी शब्दाला शब्द जुळतं, पण ते अहवाल, यंत्रं, योजना यांच्यासाठी. माणसांना लावलं तर हसू येतं. ‘लाय आयडल’ म्हणजे वापराविना पडून असणं. पंप बिघडलाय हे त्यातून कळत नाही.

शब्दाची निवड अर्थ किती फिरवते हे मागाच्या धंद्यावरून नीट कळतं. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग इथल्या विणकरांबद्दल लिहायचंय असं धरा. ड्विंडल होते ती संख्या किंवा साठा: माग, विणकर, ऑर्डरी, सूत. त्यात हळूहळू रोडावत जाणं आहे. एका दिवसात टाळं लागलेला कारखाना ड्विंडल होत नाही. या शब्दासोबत आधीचा आणि आताचा आकडा दिला तर वाक्य उभं राहतं, नाहीतर नुसतीच हळहळ वाटते. डिक्लाइन हा कोरडा, हिशेबी शब्द आहे. विक्री, मागणी, उत्पन्न यांना तो शोभतो, कारण सांगत नाही, कुणाला दोष देत नाही. प्रकल्प अहवालात तोच घ्यावा. स्टॅग्नेट म्हणजे घसरण नव्हे. मुळात तो साचलेल्या पाण्याचा शब्द. मजुरी पाच वर्षं तेवढीच राहिली तर ‘वेजेस हॅव स्टॅग्नेटेड’. तिथं डिक्लाइन लिहिलं की वाचणारा मजुरी कापली असंच समजणार, आणि पुढची सगळी मागणी चुकीच्या पायावर उभी राहणार. लँग्विश लिहिलं तर अर्थ निघतो की धंद्यात अजून जीव आहे, पण त्याला कुणी वाली नाही. अनुदानाच्या निवेदनात हा शब्द उपयोगी पडतो. बँकेच्या कर्जप्रस्तावात मात्र तो आपल्याच पायावर धोंडा. ज्या धंद्याला वाली नाही त्याला बँक पैसे का देईल?

वेन हा चंद्राशी जोडलेला शब्द. कृष्ण पक्षातला चंद्र ‘वेनिंग’ असतो. म्हणून तो प्रभाव, लोकप्रियता, पाठिंबा, रस अशा कमी-जास्त होणाऱ्या गोष्टींना लागतो. रस्ता वेन होत नाही, शाळेची इमारतही नाही. त्यांच्यासाठी डिटिरिओरेट. फ्लॅग होतो तो दम किंवा उत्साह, आणि बहुधा तात्पुरता: लांबलेल्या मोर्चात दुपारपर्यंत घोषणांचा जोर ओसरतो तसा. फेड मात्र दोन्हीकडून चालतो. रंग आपोआप फेड होतो आणि ऊनही साडी फेड करतं. लँग्विश, वेन आणि फ्लॅग यांना या अर्थी ही सोय नाही. ‘सरकारनं आमचा उत्साह वेन केला’ असं इंग्रजीत होत नाही, तिथं वीकन किंवा सॅप लागतं. पूर ओसरला याला रिसीड. ऑगस्ट 2019 मध्ये चिकोडीकडं कृष्णेचं पाणी वाढलं आणि मग उतरलं, ते ‘रिसीडेड’. एब हा भरती-ओहोटीतला शब्द, नदीच्या बातमीत तो उगाच काव्यात्मक वाटतो.

शेतीच्या कागदांत विल्ट आणि विदर यांची अदलाबदल महागात पडू शकते. विल्ट म्हणजे पानं माना टाकतात, पाणी मिळालं की बहुतेक वेळा पुन्हा उभी राहतात. विदर म्हणजे वाळून गेलं, परत येत नाही. शिवाय विल्ट हे रोगाचं नावही आहे. हरभऱ्यावरचा मर रोग इंग्रजीत विल्टच, आणि उसावरही त्याच नावाचा बुरशीजन्य रोग असतो. पावसाअभावी भात वाळलं आणि पत्रात ‘क्रॉप विल्टेड’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा औषध कोणतं मारलं म्हणून विचारेल. ‘विदर्ड ड्यू टू लॅक ऑफ रेन’ असं कारणासकट लिहावं.

तब्येतीचं थोडक्यात. न वापरल्यानं किंवा पोषणाअभावी स्नायू बारीक होणं ते अॅट्रफी, प्रकृती ढासळणं ते डिटिरिओरेट, खंगत जाणं ते ‘वेस्ट अवे’. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी 2002 साली लँग्विशिंग ही मानसिक स्वास्थ्याची एक अवस्था म्हणून मांडली: आजार नाही, पण उमेदही नाही, नुसती मरगळ. हा वेगळा, शास्त्रीय वापर आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नैराश्याचं निदान असेल तर त्याच्या जागी हा शब्द घालू नये.

डिक्लाइनचा दुसरा अर्थ नकार देणं. ‘द कमिटी डिक्लाइन्ड’ म्हणजे समिती मोडकळीला आली असं नाही, तिनं नाही म्हटलं. संस्थेबद्दल लिहिताना ‘द कमिटीज इन्फ्लुएन्स डिक्लाइन्ड’ असं, काय घटलं ते नाव घेऊन लिहावं.

उच्चारात लँग्विशमधला शेवटचा ‘श’ नीट यायला हवा, नाहीतर लँग्वेज ऐकू येतं. आणि वेन लिहिताना शीर (रक्तवाहिनी) आणि व्यर्थ या अर्थांचे इंग्रजी शब्दही आपल्या कानाला तसेच लागतात. संगणकावरची स्पेलिंग तपासणीची सोय त्यांना पकडत नाही, कारण तिन्ही स्पेलिंगं शुद्धच असतात. चंद्राचा वेन डब्ल्यूनं सुरू होतो, बाकीचे दोन व्हीनं.