तांबी बसवून चौदा महिने झाले: त्रास किती, धोका किती

दुसरं बाळ सव्वा वर्षाचं झाल्यावर मी तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायचं साधन, बसवून घेतली. त्याआधी ज्याला विचारावं तो एक तर "काही होत नाही, बिनधास्त बसव" म्हणायचा, नाही तर "पिशवीला भोक पडतं, तांबी वर चढते" असं सांगून घाबरवायचा. नेमकं काय होतं ते कुणीच सांगेना. म्हणून माझ्या बाबतीत जे झालं ते सगळं लिहिते.

माझी तांबी कॉपर-टी ३८० ए. तिच्यावरच्या तांब्याचं क्षेत्रफळ ३८० चौरस मिलिमीटर, म्हणून हा आकडा. बसवायच्या आधी डॉक्टरबाईंनी बंद पाकिटातूनच ती दाखवली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा आखूड, उभ्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली, खाली दोन बारीक दोरे. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि बीज फळतच नाही, असं त्यांनी समजावलं. यात हार्मोन नसतात.

बसवायला जेमतेम पाच मिनिटं लागली. पण पिशवीची खोली मोजायला आत सळई घालतात, तेव्हा ओटीपोटातून अशी कळ गेली की अंगाला दरदरून घाम फुटला. नंतर दहा मिनिटं मी तशीच पडून होते. तुम्ही जाणार असाल तर वेदना कमी करायला काय देणार, हे आधीच विचारा. विचारायला अजिबात संकोचू नका.

पहिल्या तीन पाळ्या वाईट गेल्या. पाच दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावं लागे, गाठी पडत, कंबर धरून येई. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन तपासलं तर १२ वरून ११ वर आलेलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सहाव्या महिन्यापासून पाळी सहा दिवसांवर आली, पण पूर्वीपेक्षा अंगावरून जास्तच जातं, आजही. ज्यांना मुळातच जास्त रक्तस्राव होतो त्यांनी हार्मोनवाल्या साधनाबद्दल विचारावं. त्याने पाळी हळूहळू कमी होते, काहींची तर थांबतेच.

हा सगळा त्रास झाला. धोका ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला खरी भीती त्याचीच होती. पिशवीला छिद्र पडणं खोटं नाही, पण ते साधारण हजारात एखादीच्या बाबतीत होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला ती शक्यता थोडी जास्त असते. मी तेव्हा पाजत होते, म्हणून हे विचारूनच बसवली. जंतुसंसर्गाचा धोका मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांत असतो. त्या काळात ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. तांबीचं नाव बदनाम झालं त्यात 'डाल्कन शील्ड' या जुन्या साधनाचा मोठा हात आहे. १९७१ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या त्या साधनाचा दोरा अनेक तंतूंचा होता आणि त्यातून जंतू वर चढत. १९७४ मध्ये तिथली विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा एकेरी, गुळगुळीत तंतूचा असतो.

पाचव्या महिन्यात माझी झोप उडाली. पाळी झाल्यावर बोटाने दोरे तपासायची सवय लावून घेतली होती, आणि त्या दिवशी दोरे हाताला लागेनात. जिथे आधी गेले तिथे आत न तपासताच सांगितलं, "पडली असेल, नवी बसवू." तांबी पाळीत नकळत पडू शकते, हे खरं आहे. पण ती आतच असेल तर? मी सोनोग्राफीचा हट्ट धरला. तांबी जागच्या जागी होती, दोरे फक्त पिशवीच्या तोंडात वर ओढले गेले होते. निकाल येईपर्यंत आम्ही निरोध वापरला. दोरे लागले नाहीत तर तुम्हीही हेच करा, आणि पाहिल्याशिवाय दुसरी बसवू देऊ नका.

भरवशाचं म्हणाल तर वर्षभरात शंभर बायकांमागे एकीलाही दिवस जात नाहीत, इतकं कमी प्रमाण आहे. रोजच्या गोळ्यांत, चुकणंविसरणं धरून, ते सातेक होतं. इथे विसरायला काही नसतंच, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. गोळीच्या काळात दर महिन्याला पाळीची वाट बघताना जीव टांगणीला लागायचा, तो आता लागत नाही. तरीही तांबी असताना पाळी चुकली तर लगेच तपासून घ्यायचं. अशा वेळी गर्भ राहिलाच तर तो पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता जास्त असते. आणि गुप्तरोगांपासून तांबी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

माझ्या तांबीची मुदत दहा वर्षं. मध्येच काढली तरी चालते, आणि काढल्यावर दिवस राहायला अडचण येत नाही. बसवल्याची आणि काढायची तारीख एका कार्डावर लिहून दिली आहे. त्याचा फोटो मी माझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवला आहे.