डाइव्ह ओरिएंटेशन लवकर उरकायची तयारी : आठ महिने वापरल्यानंतर

डाइव्हिंगच्या सुट्टीत पहिल्या दिवशीचं ओरिएंटेशन कुणाला चुकत नाही. कागदपत्रं, ब्रीफिंग, सामानाची मापं आणि मग उथळ पाण्यातली चेकआउट डाइव्ह, म्हणजे गाइडसमोरची चाचणी. एवढ्यात अर्धा दिवस सहज जातो. तो वाचवायला तीन गोष्टी आठ महिने वापरून पाहिल्या : कागदांचं एक फोल्डर, वजनांची (बुडायला अंगावर बांधायच्या शिशाची) वही आणि सुट्या भागांची पिशवी. वही एक नंबर, फोल्डर त्याखालोखाल. पिशवीतलं निम्मं सामान मात्र फुकट वागवलं.

ब्रीफिंगमध्ये वेळ जातो, ही समजूत आधी काढून टाकावी. ब्रीफिंग थोडक्यात आटपतं आणि ते छाटायच्या भानगडीत पडूही नये. प्रवाह कुठून कुठे वाहतो, बाहेर कुठे निघायचं, बोटीवर ऑक्सिजन कुठे ठेवलाय, परत बोलावायची खूण कोणती, हे दुसरीकडे कुठे कळणार नाही. घरी व्हिडिओ पाहून जायचा प्रयोगही झाला, काडीचा उपयोग नाही. कॅरिबियनमधल्या बोनेअरला तर ओरिएंटेशन आणि चेकआउट डाइव्ह हा सागरी उद्यानाचाच नियम आहे. १९७९ साली झालेल्या या उद्यानात ६० मीटर खोलीपर्यंतचं पाणी येतं आणि तिथे हातमोजे घालायलाही बंदी आहे. लॉगबुकात हजार डाइव्ह असल्या तरी तिथे सूट नाही, त्यामुळे काउंटरवर हुज्जत घालणं म्हणजे स्वतःचाच वेळ घालवणं. उद्यानाचं शुल्क तेवढं ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवावी.

फोल्डरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद मेडिकल फॉर्म. बऱ्याच ठिकाणी २०२० साली सुधारलेलाच फॉर्म देतात. पहिल्या पानावर १० प्रश्न. ३, ५ किंवा १० नंबरला ‘हो’ आलं की थेट डॉक्टरांची सही. बाकीच्यांना ‘हो’ आलं तर पुढच्या पानावरची त्या-त्या प्रश्नाची चौकट भरायची, तिथे एक जरी ‘हो’ आलं तरी पुन्हा डॉक्टर. अडकतात ते बहुतेक दहाव्यावर, कारण तो चालू औषधांचा आहे. रक्तदाबाची रोजची गोळी म्हणजे ‘हो’. वय ४५ च्या वर असेल तर दुसऱ्या प्रश्नाची चौकट लागते : धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरातला हृदयविकार. हे सगळं काउंटरवर उभं राहून कळलं तर तो दिवस गेलाच, कारण परक्या गावात डॉक्टर शोधून सही आणेपर्यंत बोट निघून जाते. फॉर्म डाइव्ह सेंटरकडून आधीच मागवावा आणि ‘हो’ येणार असेल तर डॉक्टरांची सही घेऊनच निघावं. वेळ वाचवायला ‘नाही’वर खूण करणारे असतात. त्यांनी विम्याच्या अटी एकदा नीट वाचाव्यात.

बाकी कागद किरकोळ : सर्टिफिकेशन कार्ड, नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचं) कार्ड, विमा, शेवटच्या डाइव्हच्या नोंदीचं पान. कार्ड ॲपमध्ये असलं तरी स्क्रीनशॉट काढून ठेवावा, धक्क्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही. शेवटच्या डाइव्हला सहा महिने किंवा वर्ष उलटलं असेल तर काही सेंटर रिफ्रेशरशिवाय, म्हणजे उजळणीशिवाय, पाण्यात सोडत नाहीत. ही मर्यादा जागोजागी वेगळी, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. निघायच्या पंधरवडाभर आधी जवळच्या पूलमध्ये एक तास घालवला तर सुट्टीतले दोन तास वाचतात.

आता वजनं. चेकआउट डाइव्ह रखडते ती इथेच. ‘किती किलो?’ या प्रश्नाला ‘सहा-सात असतील’ असं उत्तर आलं की गाइड खांदे उडवतो आणि सात लावतो. वहीत प्रत्येक डाइव्हची एकच ओळ असते. नमुना असा : ‘३ मिमी फुल सूट, ११.१ लिटर ॲल्युमिनियम, समुद्र, ६ किलो, ५ मीटरवर ५० बार, बीसीडी रिकामी, स्थिर.’ ३ मिमी ही वेटसूटची जाडी, ११.१ लिटर ही हवेची टाकी, बार हे टाकीतल्या दाबाचं एकक आणि बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट. शेवटच्या तीन नोंदी सगळ्यात मोलाच्या. डाइव्हच्या सुरुवातीला कुणीही खाली जातो. टाकी ५० बारवर आली असताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबता येतंय का, ही खरी परीक्षा.

त्यामागचा हिशोब साधा आहे. ११.१ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे २,२२० लिटर हवा मावते. लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरले तर अडीच किलोच्या थोडं वर भरते. ५० बार उरेपर्यंत त्यातली २ किलो श्वासातून निघून गेलेली असते. म्हणून भरलेल्या टाकीवर वजन तपासलं तर वर २ किलो धरावे लागतात, नाहीतर शेवटी बुचासारखं वर यायची वेळ येते. ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी स्वतःच रिकामी झाल्यावर सुमारे २ किलोने तरंगाऊ होते. बहुतेक स्टीलच्या टाक्या रिकाम्या झाल्या तरी बुडाऊ राहतात, तेव्हा टाकी बदलली की त्याच सूटला २ किलो कमी धरून सुरुवात करावी. गोड्या पाण्यातला आकडा समुद्रात चालत नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड, म्हणजे माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर अडीच किलो वाढवायचे. शिसं पाउंडात मिळालं तर १२ पाउंड म्हणजे साडेपाच किलोच्या आत-बाहेर.

तपासणी करताना बीसीडी पूर्ण रिकामी, श्वास नेहमीसारखा घेऊन रोखलेला, आणि पाण्याची रेषा डोळ्यांसमोर. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. फसगत होते ती तीन कारणांनी. घाबरल्यामुळे छाती भरभरून हवा घेतलेली असते, पाय नकळत हलत असतात, किंवा बीसीडीच्या खांद्यात हवा अडकलेली असते. तिसऱ्यावर उपाय : डावा खांदा वर करायचा, इन्फ्लेटरची (बीसीडीत हवा भरायची-सोडायची) नळी सरळ वर ताणायची, मग बटण दाबायचं. नळी आडवी धरून बटण कितीही दाबलं तरी हवा निघत नाही. नव्या वेटसूटमध्ये बुडबुडे अडकतात, तेव्हा पाण्यात उतरल्यावर गळा ओढून आत पाणी घ्यावं. हे न करता दोन किलो वाढवले की पुढचं सगळं बिघडतं. जास्तीच्या वजनाला बीसीडीत जास्तीची हवा लागते, खोली थोडी बदलली तरी ती हवा फुगते-आकसते आणि माणूस वर-खाली होत राहतो. गाइड नेमकं हेच बघत असतो, कारण प्रवाळाला पायातली फिन लागते ती अशाच वेळी.

बाकीची कौशल्यं ठरलेली : मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) सुटला तर परत तोंडात घेणं, जोडीदाराला हवा देणं. मास्कच्या कडेखाली केस राहिले तर पाणी काढलं तरी पुन्हा येतंच, म्हणून उतरण्याआधी कपाळावरून बोट फिरवावं. रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हा बारीक बुडबुडे सोडत राहायचे. गुडघे टेकून केलं तरी चालतं, पण तरंगत केलं तर गाइड पुढचं बरंच काही बघत बसत नाही.

नायट्रॉक्स घेणार असाल तर विश्लेषक (टाकीतल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारं यंत्र) आधी साध्या हवेवर २०.९ ला लावून घ्या. ३२ टक्के मिश्रणाला ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार मर्यादेने ३३ मीटर खोली मिळते, ३६ टक्क्यांना २८. टाकीवरच्या पट्टीवर टक्केवारी, खोली, तारीख आणि नाव लिहायचं, तोच आकडा मनगटावरच्या डाइव्ह संगणकात घालायचा. संगणकात मीटर आणि बार हेच एकक आहे ना, हे हॉटेलच्या खोलीतच बघून यावं. धक्क्यावर उन्हात मेनू चाळत बसणारे पाहून गाइडचा पारा चढतो.

पिशवीबद्दल थोडक्यात. डिन रेग्युलेटरला लागणारा योक ॲडॉप्टर (डिन आणि योक हे टाकीला जोडायचे दोन प्रकार), दोन-चार ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), एक माउथपीस आणि प्लास्टिकची बांधणी, मास्कचा जादा पट्टा एवढं पुरतं. जादा फिन पट्टे, पक्कड आणि दुसरा टॉर्च सेंटरवर मिळतात, ते पुढच्या वेळी घरीच राहतील. स्वतःचा मास्क आणि स्वतःचा संगणक मात्र न्यायलाच हवा. भाड्याच्या संगणकाची बटणं शिकण्यात चेकआउटची दहा मिनिटं जातात, आणि नवा मास्क आतून टूथपेस्टने घासला नसेल तर धुकं पुसण्यात उरलेली.

कागद आल्या दिवशी संध्याकाळी द्यावेत आणि चेकआउट सकाळच्या पहिल्या फेरीला मागावी. हा अर्धा दिवस शेवटी भरून काढता येत नाही : अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तासांचं अंतर ठेवावं लागतं. सकाळी १० चं विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारी ४ ला पाण्याबाहेर.