बार्सिलोनात पाच महिने: एक स्केटबोर्ड, चाकांचे दोन संच

आधी निकाल सांगते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः तोच शोधत असते. जुन्या शहरात कमी पैशांत बोर्ड घेऊन राहायचं असेल तर डेक (पाय ठेवायची फळी) कुठल्या कंपनीचा, ट्रक (चाकं बसवलेले खालचे धातूचे दांडे) किती हलके, यावर डोकं शिणवू नका. चाकांचे दोन संच न्या, एक कडक आणि एक मऊ. माझे पाच महिने त्या मऊ चाकांमुळे सुखाचे गेले. पहिले अकरा दिवस ती नव्हती, तर माझे हाल झाले.

मी मूळची लातूरची. आर्किटेक्चर पुण्यात केलं आणि बोर्डावर उभं राहायला शिकले ती तिथल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये एका सेमिस्टरसाठी बार्सिलोनाला गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये परत आले. बरोबर ८.२५ इंची, सात थरांचा मेपलचा डेक होता आणि त्याला ५३ मिलिमीटरची ९९ए चाकं. हा ‘ए’ म्हणजे कडकपणाचं माप. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. अशी चाकं गुळगुळीत फरशीवर ट्रिक करायला उत्तम, पण घर ते कॉलेज रस्ता कापायला अजिबात कामाची नाहीत.

बार्सिलोनाचा फुटपाथ खाली वाकून बघा. २० सेंटिमीटरच्या चौकोनी सिमेंटच्या फरशा असतात, त्यांना तिथे ‘पानोत’ म्हणतात. कुठे चार पाकळ्यांचं फूल कोरलेलं, कुठे चौकटीच्या खाचा. दिसायला फार सुंदर! पण कडक चाकाखाली दर वितीला एक सांधा आणि मध्ये त्या खाचा, म्हणजे दहा मिनिटांत तळव्यांना मुंग्या येतात आणि गुडघ्यापर्यंत झिणझिण्या चढतात. बारी गोतिक या जुन्या भागात तर घासून चकचकीत झालेले दगड आणि मध्येच लोखंडी जाळ्या. चौथ्या दिवशी शेजारच्या राव्हाल वस्तीतल्या एका गल्लीत पुढचं चाक अशाच जाळीच्या फटीत अडकलं. बोर्ड जागच्या जागी थांबला, मी मात्र पुढे गेले. दोन्ही तळहात सोलले आणि डावं मनगट आठवडाभर सुजलेलं होतं.

अकराव्या दिवशी एका छोट्या स्केट दुकानातून ५६ मिलिमीटरची ८०ए चाकं घेतली. ३४ युरो, म्हणजे तेव्हाचे तीन हजारांच्या वर. महिन्याच्या हिशेबात हा घास मोठा होता, पण पाच महिन्यांतला सगळ्यात शहाणा खर्च तोच. त्याच पानोतवरून पहिल्यांदा गेले तेव्हा बोर्डाची खडखड जाऊन नुसती हलकी घुर्र ऐकू आली. मागून येणारी सायकलची घंटाही ऐकू येऊ लागली.

एक सावधगिरी घ्या. मोठं मऊ चाक वळताना डेकला घासतं आणि बोर्ड कचकन थांबतो. म्हणून ट्रकखाली तीन मिलिमीटरचे रबरी पॅड टाकून घ्या. आणि जमलं तर बेअरिंगचेही दोन संच ठेवा, म्हणजे दर वेळी चाकातून बेअरिंग उपसत बसावं लागत नाही. चार नट सोडले, चाकं बदलली, दहा मिनिटांत काम. बेअरिंग ६०८ मापाचं असतं, आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिलिमीटर. हे माप साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं, स्केटच्या दुकानातच जायला हवं असं नाही.

पैशांचा खरा फरक प्रवासात पडला. ‘टी-काझुआल’ हे दहा फेऱ्यांचं तिकीट मी असताना ११.३५ युरोला होतं, जानेवारी २०२४ पासून १२.१५ झालं. माझं एक कार्ड तीन-तीन आठवडे पुरायचं, कारण डोंगराकडून समुद्राकडे जाताना शहराला सलग हलका उतार आहे. इल्देफोन्स सेर्दानं १८५९ साली आखलेल्या एशाम्पला भागात सगळे रस्ते काटकोनात आणि दर चौकाचे कोपरे तिरके कापलेले. त्या कापलेल्या कोपऱ्यांमुळे पुढचं वळण लांबूनच दिसतं. बोर्डवाल्याला याहून मोठी सोय कुठली हवी? मी खाली जाताना बोर्डावर आणि वर येताना मेट्रोनं, असा नेम केला होता. विमानतळावरून शहरात यायला ४६ नंबरची बस धरा. ती प्लासा देस्पान्या या चौकापर्यंत येते आणि टी-काझुआलवर चालते. विमानतळाच्या मेट्रो स्थानकावर मात्र हे तिकीट चालत नाही, हे मला पहिल्याच दिवशी महागात पडलं.

पहिल्या नऊ रात्री हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये काढल्या. तिथल्या लॉकरमध्ये बोर्ड मावत नव्हता, म्हणून उशाशी घेऊन झोपायचे. खोली ठरवताना ही गोष्ट आधी विचारून घ्या. पुढे सान्त्स स्टेशनजवळ एका फ्लॅटमध्ये छोटी खोली मिळाली, आणि तिथे मला एक वेगळाच खजिना सापडला.

स्टेशनसमोरची प्लासा देल्स पाइझोस कातालान्स, १९८३ ची. वियाप्लाना आणि पिन्योन या वास्तुकारांची रचना, तरुण एन्रिक मिरायेसही त्यात होता. आमच्या अभ्यासात हा चौक होता. फोटोत तो मला रखरखीत वाटायचा, एक झाड नाही, नुसते लोखंडी मांडव. तिथे गेल्यावर कारण उमगलं. खाली रेल्वेचे रूळ आहेत, वर ना झाड लावता येत ना जड बांधकाम करता येत. म्हणून नुसता दगड पसरला आणि वर हलके मांडव उभे केले. ज्या कारणानं तो चौक टीकेचा धनी झाला, त्याच कारणानं जगभरचे स्केटर तिथे येतात. रविवारी सकाळी आठला कडक चाकं लावून मी तिथे जायचे. चाकाखालचा तो दगड मला पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवून गेला.

आणि माक्बा. रिचर्ड मायरनं बांधलेलं हे पांढरंशुभ्र संग्रहालय १९९५ ला उघडलं, आणि त्याच्या पुढ्यातला चौक स्केटर लोकांची पंढरीच झाला. समोर सोळाव्या शतकातला ख्रिस्ती मठ, इकडे काच आणि पांढऱ्या भिंती, मध्ये काळ्या दगडाचे लांब कट्टे. कट्ट्याची कड हातानं चाचपून बघितली. मेणानं आणि हजारो ट्रकांच्या घासण्यानं ती इतकी गुळगुळीत झालीय की बोट आपोआप सरकतं. पहिले दोन शनिवार मी नुसती बसून होते. तिथली शिस्त बघून शिकावी लागते. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, कट्ट्याच्या टोकाशी कधीच बसायचं नाही, आणि कुणाची अवघड ट्रिक उतरली की आपल्या बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटायची. तीच टाळी. तिसऱ्या शनिवारी माझा फिफ्टी-फिफ्टी (दोन्ही ट्रक कडेवर घासत सरकायची ट्रिक) कट्ट्याच्या शेवटापर्यंत गेला, तेव्हा चार-पाच बोर्ड आपटले. नाव माहीत नसलेल्या पोरांनी! त्या शहरात मी परकी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा विसरले.

पण तिथे माणसं राहतात, हे विसरू नका. चौकाभोवतीच्या बाल्कन्यांत कपडे वाळत असतात, आत लहान मुलं झोपलेली असतात, आणि कडक चाकांचा आवाज दगडी गल्लीत दुप्पट होतो. मी रात्री नऊनंतर बोर्ड उचलून हातात धरायचे. भाजीची चाकांची पिशवी ओढत एखादी आजी आली की सगळा खेळ थांबायचा, आणि तो थांबायलाच हवा. शहरात नागरी शिस्तीचा कायदा आहे. बाकं, कठडे, पायऱ्या यांवर ट्रिक केल्यास दंड होऊ शकतो. मला गस्तीवरच्या पोलिसांनी एकदा थांबवलं. मी बोर्डावरून उतरून माफी मागितली, तेवढ्यावर मिटलं.

एका जागी मात्र मी बोर्ड कधीच टेकवला नाही. बारी गोतिकमधला सांत फेलिप नेरीचा छोटा चौक. दगड सपाट आणि जागा शांत आहे, कुणालाही मोह होईल. चर्चच्या भिंतीवर खड्डे आहेत, काही मुठीएवढे, काही डोक्याएवढे. स्पेनच्या यादवी युद्धात, ३० जानेवारी १९३८ ला पडलेल्या बॉम्बचे. ४२ माणसं गेली, त्यातली बहुतेक मुलं. शेजारी आजही शाळा आहे आणि मधल्या सुट्टीत मुलं त्याच भिंतीजवळ चेंडू खेळतात. मी बोर्ड पोटाशी धरून उभी राहायचे.

फुकट बघण्यासारखं खूप आहे. पारादीस नावाच्या बोळात एका अंगणाच्या आत रोमन मंदिराचे चार खांब उभे आहेत, तिथे तिकीट नाही. शनिवारी चार ते आठ माक्बा आतूनही फुकट. बोर्ड हातात घेऊन आत जाता येईल असं धरून चालू नका, सोबत कुणीतरी राखायला ठेवा.

जेवणाचं राव्हालनं सांभाळलं. तिथे पाकिस्तानी आणि बांगलादेशी किराणा दुकानं पावलापावलावर आहेत. मसुराची डाळ, आटा, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. एका दुकानातले चाचा माझे सोललेले हात बघून म्हणाले, “बेटा, पहले हल्दी लगाओ,” आणि हळदीची पुडी तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. कातालान लोकांत एक म्हण आहे, ‘बार्सेलोना एस बोना सी ला बोसा सोना’, म्हणजे थैली खुळखुळत असेल तर बार्सिलोना चांगली. माझी थैली फारशी खुळखुळली नाही, तरी रोज वरण-पोळी जेवले.

त्या हिवाळ्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बोर्डाला कोरडा रस्ता चांगला, पण मला त्याचा आनंद घेता आला नाही. १ फेब्रुवारी २०२४ ला दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली, माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली. मी २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे येताना बघितलेल्या गावची पोर. फ्लॅटमधल्या मुलींना बादलीत अंघोळ कशी करायची, ते मी दाखवलं.

तक्रारी दोनच. समुद्रालगत रोज फिरवलं की खाऱ्या हवेनं बेअरिंग गंजतात. माझा एक संच डिसेंबरातच करकरायला लागला, तेव्हा आठवड्याला पुसून तेलाचा थेंब सोडा. आणि स्वेडचे बूट तीन महिन्यांत फाटले. उजव्या करंगळीजवळ भोक पडलं, दोनदा गोंद लावूनही टिकलं नाही.

निघताना चाकं मोजली. ५३ ची कडक चाकं ५१ वर आली होती, ५६ ची मऊ ५४ वर. कडक संच माक्बाच्या एका पोराला दिला, त्याच्या चाकांना सपाट चट्टे पडले होते. मऊ चाकं परत आणली. लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात. तिथे सकाळी सहाला, दुकानं उघडायच्या आधी, ती आजही चालताहेत.